दीड किलोचा चाप

नाडगोंडे डॉक्टरांची आणि माझी ओळख झाली तेव्हा माझं तोंड उघडं होतं आणि त्यांची पाठ माझ्याकडे होती. दाढ ठणकत होती म्हणून मी कोल्हापुरात गंगावेशीतल्या त्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, "आ करा" म्हणाले, बारक्या आरशातून आत बघितलं, "हं" म्हणाले आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे निघून गेले. तिथं वाकून काहीतरी घासत बसले. मध्येच यंत्र थांबवून डोळ्याला भिंग लावायचे, मान हलवायचे, पुन्हा घासायचे. आपल्या दाढेसाठी डॉक्टर एवढं झिजताहेत हे बघून मला भरून आलं. जबडा अवघडला तरी मी तोंड मिटलं नाही. शेवटी ती वस्तू चिमट्यात धरून त्यांनी माझ्या नाकासमोर आणली. नखाएवढा पोलादी तुकडा होता.

"कसं झालंय?"

"आँ," मी म्हणालो. दुसरं काही म्हणण्याची सोय नव्हती.

"रायफलीच्या घोड्याचा खटका हाय. आता बघा, लोण्यागत सुटतोय का न्हाय!" मग माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि ते दचकले. "तुमी अजून आ करून बसलाय व्हय? मिटा की!"

त्या दाढेचं पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पण इंजेक्शननं माझा गाल बधिर झालेला असतानाच त्यांनी मला रायफल क्लबचा सभासद करून घेतलं. बधिर माणसाला नाही म्हणता येत नाही. आमच्या क्लबचे निम्मे सभासद त्याच खुर्चीत भरती झाले होते. मी बँकेत नोकरीला, म्हणून मला सचिव केलं. सचिवानं टार्गेटची कार्डं चिकटवायची, माळावरचं गवत काढून घ्यायचं आणि भांडणं मिटवायची. गवत दरवर्षी निघायचं.

क्लब गावाबाहेर, उघड्या माळावर. मागे मातीचा उंच बांध, पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये सतरंज्या. पालथं पडून नेम धरायचा. रविवारी सकाळी डॉक्टर स्कूटरवरून यायचे. मागे सुशीलावहिनी, वहिनींच्या मांडीवर कव्हरात घातलेली रायफल, आणि रायफलीवर पोह्यांचा डबा. डॉक्टर आडव्या बांध्याचे, भुवया जाड, आणि आवाज असा की ते एखाद्याच्या कानात काही सांगायला लागले की पलीकडच्या शेतातला माणूस मान वर करायचा. बोटं मात्र सडपातळ आणि स्थिर होती. त्या बोटांचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवत नसत.

दवाखान्यातल्या सवयी रेंजवर यायच्या आणि रेंजवरच्या दवाखान्यात जायच्या. कुणीही रायफल घेऊन आलं की ती रिकामी आहे ना हे बघायला डॉक्टर खिशातून दातांचा आरसा काढायचे आणि दरडावायचे, "आ करा!" नवा माणूस स्वतःचं तोंड उघडायचा. जुन्यांना कळायचं की रायफलीचं उघडायचं आहे. आणि स्वतः नेम धरला की चाप ओढण्याआधी ते टार्गेटला उद्देशून पुटपुटायचे, "दुखणार न्हाय हं." पेशंटला सांगताना ते जेवढं खरं असायचं, तेवढंच इथंही.

रायफल पॉइंट टू-टू, सेमी-ऑटोमॅटिक. एक गोळी सुटली की दुसरी आपसूक भरली जाई. चाप मात्र दर गोळीला ओढावा लागे. डॉक्टरांनी ती रीतसर लायसन्सवर एका जहागीरदाराच्या घरातून विकत घेतली होती. नेमाला चोख, पण चाप भलताच कडक. "जहागीरदार मानूस," डॉक्टर म्हणायचे, "सोता कवा वडलाच नसंल. गडी वडत असणार."

तो चाप हलका करणं हे त्यांचं जीवितकार्य झालं. मूळचे भाग काढून कुठंतरी ठेवून दिले आणि स्वतः बनवलेले बसवले. दवाखान्यात जे होतं नव्हतं ते सगळं त्या चापाला लागलं. कवळ्या घासायचं यंत्र लागलं, दात चकचकीत करायची पूड लागली. खुर्चीतल्या माणसाला शेजारचा खर्र आवाज आपल्या दाढेसाठी आहे की रायफलीसाठी हे कधी कळायचं नाही. "रायफल कोण मारतंय? ट्रिगर मारतोय!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि क्लबची वार्षिक ढाल एकदा तरी आपल्या कपाटात यावी, ही त्यांची इच्छा.

अडचण एकच होती. ढालीच्या मॅचला क्लबचा जुना नियम होता. फार हलका चाप धोक्याचा, म्हणून मॅचआधी रिकामी रायफल नळी आभाळाकडे करून धरायची आणि चापाला दीड किलोचं वजन टांगायचं. चापानं ते पेललं तर पास. 'टक' वाजलं की बाद. पंच होते गूळ मार्केटातले मगदूम शेठ, आणि वजनंही त्यांच्याच अडतीवरची. मगदूमांचा आणि डॉक्टरांचा घरोबा होता. "तुमच्या गुळावर माझा दवाखाना चालतोय," असं डॉक्टर त्यांना चारचौघांत सांगायचे.

डॉक्टरांना चाप असा हवा होता की दीड किलो पेलावं आणि वर एक गुंजही पेलू नये. घासता घासता हात नेहमी पुढं जायचा. दरवर्षी मगदूम वजन टांगायचे, दरवर्षी 'टक' वाजायचं. एका वर्षी डॉक्टरांनी ते वजन हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"शेठ, हे घ्यायचं वजन हाय का द्यायचं?"

"म्हंजे?"

"शेतकऱ्याचा गूळ घेताना वापरतासा ते, का गिऱ्हाइकाला देताना वापरतासा ते? घ्यायचं असंल तर दीड म्हणून पावणेदोन असणार. मला द्यायचं आणा."

शेडमध्ये हशा पिकला. मगदूम लाल झाले. "डॉक्टर, तीन पिढ्या अडतीत गेल्यात आमच्या!"

"मग वजन बी त्याच पिढ्यांचं असणार."

मगदूमांनी रागारागानं दुसरं वजन आणून टांगलं. पुन्हा 'टक' वाजलं. "हे बी घ्यायचंच हाय," डॉक्टर म्हणाले आणि पोहे खायला बसले.

मगदूमांनी हे मनावर घेतलं नसतं, पण मग तारेचं प्रकरण झालं. त्यांची मुलगी शैला तेव्हा कॉलेजात होती. पुढचे दात जरा बाहेर होते, म्हणून डॉक्टर तिला तार बसवणार होते. ती खास तार पुण्याहून यायची होती. शैला दर आठवड्याला दवाखान्यात जायची आणि दर आठवड्याला "अजून आली न्हाय" हे ऐकून परत यायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली. एका रविवारी डॉक्टर रेंजवर आले ते नाचतच. चापाची नवी स्प्रिंग सगळ्यांना दाखवायची होती. मगदूमांना तर हाताला धरून ओढत आणलं.

"बघा शेठ! दाबली तर दबती, सोडली की जाग्यावर. असली तार बाजारात मिळत न्हाय. पुण्यासनं मागवलीया."

"पुण्यासनं?" मगदूम म्हणाले. "कवा आली?"

"झालं की, दिवाळीच्या आधी..." आणि डॉक्टर थांबले.

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं.

"माझ्या शैलाची तार?" मगदूमांचा आवाज चिरकला. "पोरीचं दात बाहेर आन् तार बंदुकीत?"

डॉक्टरांचा आवाज खाली आलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "तिचीच हाय. पर शेठ, बसलीया किती झ्याक बघा की."

वहिनींनी त्याच आठवड्यात दुसरी तार मागवायला लावली आणि डॉक्टरांना मगदूमांच्या घरी पाठवून फुकट बसवून घेतली. क्लबनं मात्र त्या दिवसापासून रायफलीचं नाव शैला ठेवलं. खऱ्या शैलाला ते कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. मगदूम हसले नाहीत. पुढच्या मॅचला त्यांनी वजन टांगताना चापाकडे असं बघितलं, जणू पोरीसाठी जावई पारखताहेत. गंमत म्हणजे त्या वर्षी 'टक' वाजलंच नाही. शैलाच्या तारेनं दीड किलो पेललं. डॉक्टरांनी मगदूमांना मिठी मारली, आणि मगदूमांना ती सोडवता येईना.

ढालीच्या वाटेत आता फक्त सुभेदार तात्या होते. तात्या कोडोलीचे, सैन्यातून निवृत्त, कडक इस्त्रीची पँट घालून एस्टीनं यायचे. त्यांची रायफल जुनी, एकेक गोळी भरायची, चाप दगडासारखा. त्याला ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. "बोट कणखर पायजे," ते म्हणायचे. "घोड्याला कशाला बोल लावायचा?" हे ते डॉक्टरांकडे न बघता म्हणायचे, पण जवळ उभं राहून.

त्या दिवशी दोघं शेजारशेजारच्या सतरंजीवर होते. मॅच दहा गोळ्यांची, डॉक्टरांची शेवटची राहिली होती. "दुखणार न्हाय हं," ऐकू आलं आणि पाठोपाठ दोन आवाज झाले. मोजणीत चुकून एक गोळी जास्त भरली गेली होती, चाप दीड किलो जेमतेम पेलण्याइतकाच उरला होता, पहिल्या धक्क्यानं बोट परत लागलं आणि दुसरी गोळी कुठं गेली ते डॉक्टरांनाही कळलं नाही. कार्डं आणल्यावर कळलं. डॉक्टरांच्या कार्डावर दहा भोकं होती. तात्यांच्या कार्डावर अकरा, आणि त्यातलं एक अगदी मधोमध.

"ते मधलं माझं," डॉक्टर म्हणाले.

"पळून आल्याली गोळी मधी लागती व्हय?" तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी आरसा काढून त्या भोकाची तपासणी केली. "कडा बघा. साफ हाय. तुमच्या भोकांच्या कडा किडल्यात."

भांडण दुपारपर्यंत चाललं. सचिव या नात्यानं मी दोघांनी पुन्हा मॅच खेळावी असा निकाल दिला आणि दोघांनीही तो एकमुखानं फेटाळला. ते एवढ्या एकाच गोष्टीवर एक झाले. ढाल त्या वर्षी मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुढं वर्षभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पण सतरंज्या मात्र शेजारशेजारच घालायचे आणि मध्ये मला बसवायचे. "तात्यास्नी सांगा, कोपर सरकवा म्हणावं." "डॉक्टरास्नी सांगा, कोपर माझ्याच हद्दीत हाय." शेवटी तात्यांचा दात दुखायला लागला. कोल्हापुरात दातांचे डॉक्टर काही एकच नव्हते, पण ते गंगावेशीतच गेले. डॉक्टर "आ करा" म्हणाले आणि अबोला संपला. इंजेक्शन दिल्यावर तात्या बोबड्या जिभेनं म्हणाले, "ते मधलं..." डॉक्टर म्हणाले, "आता तोंड बधिर हाय, बोलू नगा. ते माझं."

मग दोन हजार सालानंतर काही वर्षांनी डॉक्टरांचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या बशीतनं आवाज यायला लागला. आम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एक दिवस त्यांनी आपण होऊन दवाखान्याला कुलूप घातलं. "ज्या हातावर माझाच इस्वास न्हाय," ते मला म्हणाले, "त्यो लोकांच्या तोंडात कसा घालू?" मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं.

पण रायफल सोडायला ते तयार नव्हते. वहिनींचा हिशेब सरळ होता. जो हात तोंडात चालत नाही तो बंदुकीवर कसा चालेल? रोज वाद व्हायचा. अखेर वहिनींनी शेडमध्ये आम्हा सगळ्यांसमोर अट घातली.

"औंदाच्या मॅचला धा गोळ्या मारा. धाच्या धा कार्डावर दिसल्या पायजेत. लांब का जवळ ते बघायचं न्हाय, नुसती भोकं मोजायची. एक जरी बाहेर गेली तर रायफल इकायची."

डॉक्टरांनी मान हलवली. नंतर मला एकट्याला गाठून म्हणाले, "रायफल गेली तर आयतवारी मी जायाचं कुठं?" एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस हळू बोलतो ते मला सोसत नाही. मी कार्डं चिकटवायला निघून गेलो.

त्यांनी उपाय केला तो नेहमीचाच. चाप आणखी हलका केला. झालं उलटंच. थरथरतं बोट नुसतं टेकलं की गोळी सुटायची. "दुखणार" एवढंच व्हायचं, "न्हाय" म्हणेपर्यंत बांधावर माती उडालेली असायची. सरावात दहातल्या चार-पाच तरी कार्ड चुकवून बांधात जायच्या. तात्या शेजारी पडून सगळं बघायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. त्यांच्या स्वभावात हे बसत नव्हतं.

मॅचच्या आदल्या रविवारी वहिनींनी डॉक्टरांना पाणी आणायला सांगितलं. ते विहिरीवरून काठोकाठ भरलेली बादली घेऊन आले. बसले. वहिनींनी चहा दिला आणि बशी वाजायला लागली. डॉक्टरांनी कप खाली ठेवला, बादलीकडे बघितलं, स्वतः चालत आलेल्या वाटेकडे बघितलं. वाटेवर पाण्याचा एक थेंब सांडलेला नव्हता.

"सचिव," ते ओरडले, "बघितलंस? बादलीला हात हालत न्हाय. कपाला हालतोय!" ते उठून उभे राहिले. "दाढ उपटताना माझा हात शेवटच्या दिसापतुर हालला न्हाय. हालायचा ते कापूस ठेवताना. वज्जं पायजे रं ह्या हाताला! इतकी वर्सं उलटंच काम केलं की मी!"

त्याच दुपारी दवाखाना उघडला. मूळचा कडक चाप त्यांनी कवळीच्या डबीत ठेवला होता, एवढं आठवत होतं. कपाटात कवळीच्या डब्यांची रांग होती. डॉक्टर, वहिनी आणि मी एकेक उघडत गेलो आणि प्रत्येक डबीतून कुणीतरी आमच्याकडे बघून हसत होतं. "हे कुरुंदवाडचं मास्तर," डॉक्टर ओळख करून द्यायचे. "कवळी न्यायला यायच्या आधीच गेलं बिचारं." अगदी मागच्या डबीत चापाचे भाग निघाले. डॉक्टरांनी आरसा लावून बघितलं. "किडला न्हाय," ते म्हणाले आणि तिथंच, पेशंटच्या खुर्चीत बसून, तो जसाच्या तसा परत बसवायला लागले.

मॅचच्या दिवशी मगदूमांनी दीड किलो टांगलं. आवाज नाही.

"अजून टांगा शेठ," डॉक्टर म्हणाले.

मगदूमांनी दोन केले. आवाज नाही.

"घ्यायचं टांगा, द्यायचं टांगा, काय मनाला येईल ते टांगा!"

अडीच किलोलाही चाप हलला नाही तेव्हा मगदूमांनी कपाळावरचा घाम पुसला आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा हसले. डॉक्टरांनी खिशातून कागदाची पुडी काढून त्यांच्या हातात दिली. आत तार होती. "शैलाला द्या. जयसिंगपूरला आसती न्हवं? नातीला लागंल. तिचं बी दात बाहेर यायलेत."

मग डॉक्टर आणि तात्या शेजारशेजारच्या सतरंजीवर पडले. डॉक्टरांनी वेळ घेतला. दर गोळीला "दुखणार न्हाय हं" पूर्ण ऐकू आलं आणि मगच आवाज झाला. मी बांधाकडे बघायचं टाळलं. तात्या आपल्या गोळ्या सावकाश मारत होते. शेवटची मारताना मात्र फारच थांबले.

डॉक्टरांचं कार्ड आणल्यावर वहिनींनी केसातला आकडा काढला आणि एकेका भोकात घालून मोजायला सुरुवात केली. भोकं कार्डभर विखुरलेली, दोन तर अगदी काठावर. एक मात्र बरोबर मधोमध होतं.

"धा," वहिनी म्हणाल्या.

शेडमध्ये टाळ्या पडल्या. मी सवयीनं तात्यांचं कार्ड मोजायला घेतलं. पुन्हा मोजलं. "तात्या, नऊच आहेत."

तात्या रायफल कव्हरात घालत होते. त्यांनी मान वर केली नाही. "बोट सरकलं," ते म्हणाले. "घोडा जरा हलका झालाय माझा."

त्या दगडासारख्या चापाला कुणी हात लावला नव्हता, हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. टाळ्या थांबल्या. डॉक्टरांनी आपलं कार्ड घेतलं आणि मधल्या भोकाला आरसा लावला. आरसा थरथरत होता.

"हे मधलं माझं न्हाय," ते म्हणाले.

"तुमच्या कार्डावर हाय," तात्या म्हणाले.

"असू दे. हे तुमचं हाय."

"मागल्या बारीला माझ्या कार्डावरचं मधलं तुमचं म्हणून भांडलासा. आता तुमच्याच कार्डावर आलंय तर नगो?"

"कडा बघा की! साफ हाय. माझ्या गोळीची न्हवं ही!"

"मला दिसत न्हाय कडा. म्हातारा झालोय."

"खोटं बोलतोयसा!"

"तुमी खोटं बोलतायसा!"

भांडण रंगात आलं. मला गहिवरून आलं होतं आणि हसूही आवरत नव्हतं, म्हणून मी खुर्ची घेऊन कडेला बसलो. शेवटी वहिनींनी आकडा केसात खोचला. "गप बसा दोघं बी! भोकं मोजायचं ठरलंतं, कुणाची ते इचारायचं न्हवतं. धा हायती. रायफल घरात ऱ्हाईल."

डॉक्टरांनी रायफल उघडली, आरसा घालून आत बघितलं, ती कव्हरात घातली आणि बंद नीट बांधले. मग मगदूमांकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "शेठ, तुमचं वय झालं. वजन हिकडं द्या. फुडच्या सालापासनं पंच मी."

रायफल घरात राहिली, पण त्यांनी ती पुन्हा मारली नाही. दर रविवारी मात्र ते येत राहिले, तात्यांच्या शेजारी सतरंजी घालून नुसते पडून तात्यांच्या चुका काढत राहिले. पुढच्या मॅचनंतर थोड्याच दिवसांत ते झोपेतच गेले. त्यामुळं त्या मॅचच्या दिवशी पाहिलेले डॉक्टर हेच माझ्यासाठी शेवटचे.

त्या मॅचपर्यंत क्लबात नवी मुलं-मुली आली होती. त्यांच्या रायफली परदेशी, चाप फुलासारखे. डॉक्टर टेबलाशी उभं राहून एकालाही सोडत नव्हते. 'टक' वाजलं की बाद. एक मुलगा म्हणाला, "काका, तुमचं वजन जास्त वाटतंय." त्याबरोबर डॉक्टर गरजले, "तीन पिढ्यांचं वजन हाय ते! एक गुंज हिकडं तिकडं न्हाय!" मागे बसलेल्या मगदूमांनी छाती पुढं काढली.

मग एक मुलगी आली. पहिलीच मॅच, चेहरा घाबरलेला.

"आ करा," डॉक्टर म्हणाले. तिनं तोंड उघडलं. शेड हसली, तिनं ओशाळून रायफल उघडली आणि नळी आभाळाकडे धरली. डॉक्टरांनी वाकून आत बघितलं. डाव्या हातातला आरसा थरथरत होता. उजव्या हातात दीड किलो होतं आणि तो हात जागच्या जागी होता. तिच्या चापाला वजन अडकवता अडकवता ते तिला म्हणाले, "भिऊ नगंस. दुखणार न्हाय हं."